ताप उतरल्यानंतरची आकडी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बालरोग व बालमेंदूविकार विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रत्येक विभागाने आपल्या कामाचा लेखाजोखा मांडावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. तो लेखाजोखा अहवालात छापलेला असल्याने आज आम्ही एका आजाराविषयी बोलण्याची अनुमती मागितली. हा आजार फारसा परिचित नाही. तो दुर्मीळ आहे, पण वाटतो तितका नाही. त्यावर उपचार आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागतात आणि दीर्घकाळ चालवावे लागतात. यातील पहिली गोष्ट बऱ्याच अंशी पालकांच्या हाती असते आणि दुसरी आपल्यासारख्या दात्यांच्या. म्हणूनच हा विषय दवाखान्याच्या चार भिंतींत न ठेवता आपल्यासमोर मांडावा, असे आम्हांस वाटले.

लहान मुलाला ताप चढला आणि त्या तापात आकडी आली, की घरातील माणसांचे हातपाय गळतात. प्रथम दिलासा देणारी गोष्ट सांगतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात १०० पैकी २ ते ५ मुलांना तापात कधी ना कधी आकडी येते. सर्वांगाला झटके देणारी, पंधरा मिनिटांच्या आत थांबणारी, एका दिवसात पुन्हा न येणारी आणि थोड्याच वेळात मूल पूर्ववत करणारी ही आकडी दिसायला भयंकर, पण परिणामी बहुधा निरुपद्रवी असते. तिच्यामुळे बुद्धी खुंटत नाही. अशा मुलांपैकी फारच थोड्यांना पुढे अपस्मार जडतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते याहून निराळ्या आकडीविषयी. ताप येतो, घसा दुखतो, कधी अंगावर पुरळ उठते, कधी जुलाब होतात. चार-आठ दिवसांत मूल बरे होते, खेळू लागते, शाळेतही जाते. आणि मग, ताप पूर्ण उतरलेला असताना, मुलाला आकडी येते. ती पुन्हा येते. मूल चालताना झोकांड्या खाऊ लागते, पेंगुळते, किंवा कालपर्यंत गोष्टी सांगणारे मूल मुके होते. घरातील माणसे म्हणतात, "पण ताप तर केव्हाच गेला!" या वाक्यातच आजाराची खूण आहे. ताप जातो, जंतूही जातो, परंतु त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज छावणी मोडीत नाही आणि आपल्याच मेंदूवर चाल करते. वैद्यकीय परिभाषेत यास स्वयंप्रतिकार आजार म्हणतात.

शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच मेंदूवर कशी उलटेल, असा प्रश्न कोणासही पडेल. येथे उपस्थित असलेल्या ज्येष्ठांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. कुत्रा चावल्यावर बेंबीभोवती घ्यावी लागणारी ती इंजेक्शने! ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली हिमाचलातील कसौली येथे विकसित केली होती आणि ती मेंढीच्या मेंदूच्या ऊतींपासून तयार होत असे. तिने असंख्य जीव वाचविले. परंतु ती घेतलेल्या काही थोड्या लोकांना काही दिवसांनी आकडी येई, पाय लुळे पडत, शुद्ध हरपे. कारण मेंढीच्या मेंदूतील द्रव्ये परकी म्हणून ओळखावयास शिकलेले शरीर स्वतःच्या मेंदूतील तशाच द्रव्यांनाही परके समजू लागे. २००४ च्या अखेरीस भारतात या लशीचे उत्पादन थांबले. आज रेबीजसाठी दिल्या जाणाऱ्या लशींत मेंदूच्या ऊती नसतात, त्या दंडात घेतल्या जातात आणि त्या निःशंकपणे घ्याव्यात. ही गोष्ट सांगण्याचा हेतू इतकाच, की शरीराची ओळख चुकू शकते, याचा पुरावा आपल्या देशाने फार पूर्वीच पाहिलेला आहे.

जंतुसंसर्गानंतर असेच घडू शकते आणि त्याचे दोन प्रकार लहान मुलांत विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिल्या प्रकारात मेंदूतील तंतूंवरील आवरणास सूज येते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे या तंतूंवर मायेलीनचे वेष्टन असते. संसर्गानंतर साधारणतः दोन दिवस ते चार आठवड्यांच्या काळात या वेष्टनावर ठिकठिकाणी हल्ला होतो. यास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीईएम' म्हणतात. मूल गुंगीत जाते, चिडचिडे होते, एखादा हात किंवा पाय दुबळा होतो, दृष्टी मंदावते आणि काही मुलांना आकडी येते. गोवरानंतर सुमारे हजारात एका मुलाला असा मेंदूदाह होतो. कांजिण्यांनंतर तो बराच कमी आढळतो. अशा आजाराच्या सुमारे निम्म्या मुलांच्या रक्तात 'मॉग' या मायेलीनवरील प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात, हे अलीकडच्या काळात स्पष्ट झाले आहे. वेळेवर उपचार झाल्यास यातील बहुसंख्य मुले चांगली सुधारतात. मात्र मॉग प्रतिपिंड असलेल्या काहींचा आजार उलटतो आणि काहींना पुढे अपस्मार राहतो, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

दुसऱ्या प्रकाराची ओळख वैद्यकशास्त्राला अगदी अलीकडे पटली. २००७ साली अमेरिकेत डॉ. जोसेप डालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुण स्त्रियांच्या विचित्र मेंदूविकारामागे एक विशिष्ट प्रतिपिंड असल्याचे दाखवून दिले. मेंदूतील पेशींच्या पृष्ठभागावर 'एनएमडीए' नावाचे ग्राही असतात. एका पेशीचा निरोप दुसरीने स्वीकारावा, यासाठी ती जणू दारे असतात. हे प्रतिपिंड त्या दारांना चिकटतात आणि ती पेशीच्या आत ओढली जातात. स्मरण, वाणी, झोप, हालचाल या साऱ्यांचा ताल बिघडतो. पुढे लक्षात आले, की हा आजार मुलांतही बराच आढळतो. कॅलिफोर्नियातील एका मेंदूज्वर-प्रकल्पाने २०१२ साली दिलेल्या वृत्तात तर तीस वर्षांखालील रुग्णांत हा आजार कोणत्याही एका विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराहून अधिक वेळा सापडला होता.

प्रौढांत या आजाराची सुरुवात बहुधा भ्रम व भास यांनी होते. लहान मुलांत मात्र ती पुष्कळदा आकडीने, तोंडाच्या व हातापायांच्या अनावर हालचालींनी, झोप उडण्याने किंवा बोलणे बंद होण्याने होते.

या आजारात एक मोठी आशेची गोष्ट आहे. दारे आत ओढली गेली, तरी घर कोसळलेले नसते. प्रतिपिंडांमुळे पेशी सहसा मरत नाहीत, त्यांचे काम तेवढे थांबते. प्रतिपिंड हटविले, की दारे हळूहळू पुन्हा उभी राहू शकतात. म्हणूनच आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेले मूलही पुन्हा बोलू-चालू लागण्याची वास्तविक शक्यता असते.

या आजाराचा संसर्गाशी असलेला सर्वांत स्पष्ट संबंध नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या मेंदूज्वरात दिसून आला. त्या मेंदूज्वरातून बरी झालेली काही मुले काही आठवड्यांनी पुन्हा खालावतात. आकडी परतते, अंगाला अनावर हिसके व पीळ बसू लागतात. पूर्वी यास विषाणूचा पुनःप्रकोप समजले जाई. परंतु स्पेनमधील डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांवर सातत्याने लक्ष ठेवले असता १४ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, पुढे स्वयंप्रतिकार मेंदूदाह झाल्याचे आढळले आणि तो उपचारानंतरच्या दोन महिन्यांच्या आतच झाला. विषाणू मेंदूतील पेशी फोडतो, एरवी झाकलेली द्रव्ये उघडी पडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते, असा याचा अर्थ लावला जातो. चार वर्षे व त्याखालील मुलांना हा दुसरा आघात लवकर होतो व अधिक जड जातो, असेही त्या अभ्यासातून दिसले. जपानी मेंदूज्वरानंतरही असे रुग्ण आढळल्याच्या नोंदी आहेत. विदर्भासारख्या भागात जपानी मेंदूज्वर अपरिचित नाही, हे ध्यानी घेता आपल्याला ही बाब दूरची मानता येत नाही.

आता पालकांशी थोडे बोलतो. ताप येऊन गेल्यानंतरच्या महिनाभरात, आणि मेंदूज्वर होऊन गेला असल्यास किमान दोन-तीन महिने, पुढील गोष्टींकडे लक्ष असावे. अंगात ताप नसताना आलेली आकडी. एका दिवसात एकाहून अधिक वेळा किंवा शरीराच्या एकाच बाजूस आलेली आकडी. आकडी थांबूनही बराच वेळ शुद्धीवर न येणारे मूल. बोलणे कमी होणे, चालताना तोल जाणे, नजर मंदावणे, रात्ररात्र झोप न लागणे, तोंडाच्या चघळल्यासारख्या हालचाली, स्वभाव एकाएकी पालटणे. यातील एक गोष्ट दिसली, तरी "अशक्तपणा असेल" म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि तीन-चार आठवड्यांपूर्वी कोणता ताप आला होता, हे न विसरता सांगावे. शक्य झाल्यास मोबाईलवर त्या हालचालींचे चित्रण करून आणावे. दोन मिनिटांचे चित्रण कित्येकदा तासभराच्या वर्णनाहून अधिक सांगून जाते.

आकडी चालू असताना मुलाला एका कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही, त्यात मोलाची मिनिटे मात्र जातात. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला नाकातील मिडॅझोलॅमचा फवारा सांगितलेल्या मात्रेत द्यावा आणि फवारा जवळ असो वा नसो, तत्काळ रुग्णालय गाठावे.

बोलणे बंद झालेले, रात्री किंचाळणारे, अंगाला विचित्र पीळ देणारे मूल पाहून घरच्यांच्या मनात बाहेरच्या बाधेची शंका येते. त्या शंकेची आम्ही थट्टा करीत नाही. ज्या आजाराचे कारण वैद्यकशास्त्रालाच २००७ पर्यंत ठाऊक नव्हते, त्याविषयी घाबरलेल्या आईबापांनी हाती लागेल ते स्पष्टीकरण धरले, तर त्यांना कसा दोष द्यावा? आमचे सांगणे इतकेच आहे. श्रद्धा असेल तर देवापुढे नारळ जरूर ठेवावा, पण आधी मुलाला घेऊन रुग्णालयात यावे. अंगारा-दोऱ्यात गेलेले पंधरा दिवस मेंदूच्या दृष्टीने फार मोठे असतात.

निदानाची वाट सोपी नाही. प्रथम जंतूंचा आजार आहे किंवा नाही, हे पाहावेच लागते. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर विसरून चालत नाही आणि हर्पिसची शंका असेल, तर तपासण्यांची वाट न पाहता त्यावरील औषध सुरू करावे लागते. त्यासाठी पाठीतील पाणी तपासावे लागते. पाठीतील पाणी काढल्याने मूल पांगळे होते, हा समज निराधार आहे. उलट एनएमडीए प्रतिपिंडांचा पत्ता रक्ताहून त्या पाण्यातच अधिक खात्रीने लागतो. मेंदूचा एमआरआय या आजारात पुष्कळदा निर्दोष येतो, म्हणून "स्कॅन चांगला आहे, आता घरी नेतो" असे म्हणण्याची घाई करू नये. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेख, काही तास किंवा रात्रभर घेतला, तर बाहेरून न दिसणारी आकडीही त्यात पकडता येते.

प्रतिपिंडांचा अहवाल येण्यास अनेक दिवस लागू शकतात. संसर्ग वगळला गेला आणि लक्षणे जुळत असली, की त्या कागदासाठी उपचार थांबवून ठेवायचे नसतात. येथे एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. केवळ आकडीच्या गोळ्या वाढवून हा आजार आटोक्यात येत नाही. आकडीचे औषध धूर कमी करते, आग विझवावी लागते ती प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांनी. शिरेतून दिले जाणारे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बहुधा तीन ते पाच दिवस देतात. त्याच्या जोडीला किंवा त्याऐवजी इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. गरज पडल्यास रक्तद्रव बदलावा लागतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर रिटुक्सिमॅबसारख्या औषधांचा आधार घ्यावा लागतो. आजार शमल्यावर अनेक मुलांची आकडीची औषधे कालांतराने बंद करता येतात. तो निर्णय मात्र डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. आकडी थांबली म्हणून पालकांनी गोळ्या एकदम सोडल्यास ती दुप्पट जोमाने परतू शकते.

आता देणगीदारांशी मनमोकळेपणाने बोलतो. मिथाइलप्रेडनिसोलोन तुलनेने स्वस्त आहे. इम्युनोग्लोब्युलिन तसे नाही. त्याची एकूण मात्रा दर किलो वजनास २ ग्रॅम असते. म्हणजे १५ किलोच्या मुलास ३० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या सहा कुप्या. ही कुपी इतकी महाग का, याचे उत्तर हृद्य आहे. ते औषध रसायनांपासून तयार होत नाही. हजाराहून अधिक माणसांनी दिलेल्या रक्तातील द्रव एकत्र करून, शुद्ध करून, त्यातून ते मिळवितात. एका मुलाच्या शिरेत जाणाऱ्या त्या थेंबांमागे हजार अनोळखी दात्यांचे हात असतात. रोजंदारीवर राबणाऱ्या बापाला हजार एकावा दाता तेवढा कमी पडतो आणि त्याने जमीन गहाण ठेवावी किंवा उपचार अर्धवट सोडावा, हे आपल्या संस्थेस शोभणारे नाही.

सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार बिलाच्या रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. पालकांनी याविषयी वैद्यकीय समाजसेवकांकडे निःसंकोच चौकशी करावी. तो त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे. परंतु हा निधी सर्व विभागांचा आहे आणि दीर्घ आजार त्याला फार लवकर कोरडा पाडतात.

हा दीर्घपणाच आज विशेष करून सांगावयाचा आहे. एनएमडीए मेंदूदाहाच्या ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत २११ मुले व किशोर होते. दोन वर्षांपर्यंत ज्यांची माहिती हाती आली, त्यांपैकी ८१ टक्के रुग्णांची प्रकृती चांगली झाली होती. उपचार जितके लवकर, तितका परिणाम चांगला, हेही त्यातून सिद्ध झाले. परंतु आमच्या मते त्यातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा, की रुग्णांमधील सुधारणा आजार सुरू झाल्यापासून अठरा महिन्यांपर्यंत होत राहिली होती. म्हणजे दुसऱ्या महिन्यात जे मूल आईला ओळखत नाही, ते वर्षभराने शाळेत जाऊ शकते. मात्र तोवर त्याला कोणीतरी धरून ठेवले पाहिजे. व्यायामोपचार, वाचोपचार, गिळण्याचे शिक्षण, आकडीची औषधे, दर काही आठवड्यांचा प्रवास, सोबत राहणाऱ्या आईच्या जेवणाखाण्याची व निवाऱ्याची सोय, या साऱ्याचा खर्च अतिदक्षता विभागातून मूल बाहेर पडल्यानंतर सुरू होतो. पहिल्या आठवड्यात नातलग, गाव, शाळा सारे धावून येतात. तिसऱ्या महिन्यात बहुधा कोणी उरत नाही.

यंत्रासाठी दिलेल्या देणगीवर दात्याचे नाव कोरता येते आणि यंत्रांची आवश्यकता आहेच. परंतु चौथ्या महिन्यातील वाचोपचारावर किंवा एका आईच्या एसटीच्या तिकिटावर नाव कोरता येत नाही. आपल्याला आमची नम्र विनंती आहे, की आपल्या देणगीचा काही भाग या अशा, दृष्टीस न पडणाऱ्या कामासाठी राखून ठेवावा. विश्वस्त मंडळासही आमची विनंती आहे, की मेंदूदाहातून उठणाऱ्या मुलांसाठी किमान अठरा महिन्यांच्या पाठपुराव्याची स्वतंत्र तरतूद अंदाजपत्रकात व्हावी. शास्त्राने अठरा महिने सांगितले असता आपण तीन महिन्यांत हात आखडता घेतला, तर पहिल्या दिवशी केलेला सारा खर्चही वाया जाण्याचा धोका राहतो.

दोन शब्द सावधगिरीचेही सांगितले पाहिजेत. प्रत्येक आकडी या आजाराची नसते, प्रत्येक हट्ट वा चिडचिड मेंदूदाहाची नसते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ही दुधारी असतात, ती संशयावर सहज द्यावयाची नव्हेत. सर्वच मुले पूर्ण बरी होतात, असेही आम्ही म्हणणार नाही. काहींना अपस्मार राहतो, काहींना अभ्यासात मदत लागते. त्या मुलांचाही या संस्थेवर तितकाच अधिकार आहे.

आणि जे टाळता येते, ते टाळावे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान शासकीय केंद्रांत मोफत मिळते. ज्या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते, तेथे तीही चुकवू नये. २०२२ साली मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लसीकरणात पडलेल्या खंडाची किंमत लहान मुलांनी मोजली. मेंदूदाहाच्या उपचारांपुढे लशीचा खर्च नगण्य आहे आणि तिचे फळ मात्र मोठे आहे.

पालकांनी ताप उतरल्यानंतरही महिनाभर मुलावर नजर ठेवावी आणि दात्यांनी आकडी थांबल्यानंतरही दीड वर्ष त्या मुलामागे उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे. या दोन टोकांमधील काळजी वाहण्यास आमचा विभाग, आमच्या परिचारिका आणि तंत्रज्ञ कटिबद्ध आहेत.